जनावर आलं वो!

कंदील जरा बारीक करा, आणि त्या दाराकडे कोणी टक लावून बघू नका. वारा आहे नुसता. असा गरम वारा सुटला की मला चंपतची आठवण होते. त्याचं शेत माझ्या चुलत्याच्या, उकंडरावांच्या शेताला लागून, आणि याचा शेवट उकंडरावांनी डोळ्यांनी पाहिलेला. तेव्हा ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

ही मोठी लढाई सुरू झाली ना, त्याच्या आदल्या साली थंडी आलीच नाही. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी वर अजिंठ्याच्या डोंगरापासून खाली पैनगंगेच्या काठापर्यंत सगळा मुलूख चैतासारखा तापलेला. दव पडेना. हरभऱ्याच्या पानांवर आंबट दवाची आंब धरेना. शेकोटीसाठी गोळा केलेल्या काटक्या अंगणाअंगणात तशाच पडून होत्या. म्हातारे म्हणायचे, "औंदा देवाले हिवाळ्याचा इसर पडला." लोक खुशाल उघड्यावर झोपायचे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना त्याची मजाच वाटायची.

चंपतचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बायको गोजराबाई, जिभेची तिखट, पण नवऱ्यावर जीव ओवाळून टाकणारी. अनसिंगच्या शिवारात त्यांची ज्वारी कणसात आली होती, आणि तांड्यावरच्या हेमसिंगची गुरं रोज त्या ज्वारीत शिरत होती. चंपतचं नि त्याचं कडाक्याचं भांडण झालं. चंपतच्या डोक्यात त्या दिवसांत गुरांशिवाय दुसरं काही नव्हतं.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, अंधार पडल्यावर, तो राखणीला माळ्यावर बसला होता. खाली खोपडीपाशी, म्हणजे राखणीच्या झोपडीपाशी, गोजराबाई चूल पेटवत होती. एकदम ती ओरडली,

"अवो, जनावर आलं वो! जनावर!"

आता दिवस मावळल्यावर आपल्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. मीही आज एकदाच घेतलं, पुन्हा घेणार नाही. चंपतलाही हे ठाऊक होतं. पण हिवाळ्यात ते बिळाबाहेर येत नाही, हे त्याला त्याहून पक्कं ठाऊक होतं. त्यानं काठी उचलली, माळ्यावरून उडी टाकली आणि हेमसिंगच्या नावानं शिव्या देत थेट पलीकडच्या धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे धावला. तिकडे एकही ढोर नव्हतं. चरफडत परत फिरला, तर गोजराबाई अर्ध्या वाटेवर ज्वारीत पडलेली. ते तिच्या पायाला डसलं होतं, पान लागलं म्हणतो ना आपण. पाय बांधून द्यायला जवळ कोणी नाही, म्हणून बिचारी त्याच्याच मागं धावत आली होती, आणि धावण्यानं विष अंगभर झालं. त्याच्या मांडीवर डोकं टेकून ती एवढंच म्हणाली,

"तुमी तिकडं काहून पळाले?"

त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आत ती गेली.

तेरवी झाली तरी चंपत शेताकडे फिरकला नाही. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाहीतर भिंतीला टेकून बसायचा. आई कस्तुराबाई समजावून थकली. त्याला एकच गोष्ट खात होती, की तिनं विचारलं आणि आपण उत्तर दिलं नाही. राखण उकंडरावच करत होते, दोन्ही शेतांची.

कार्तिकातली अमावस्या आली. त्या दिवशी उकंडराव तापानं फणफणले. संध्याकाळी त्यांनी चंपतला बोलावून घेतलं.

"आजची रात मले जमत नाही लेका. तू जातं का? डुकरं शिरली त सारं पीक लोळवून टाकतीन."

"जातो ना दादा," चंपत म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला, की उकंडरावांना बरं वाटलं. भाकर बांधून घेतली, वाकळ खांद्यावर टाकली, गोफण घेतली, आणि वाटेत भेटेल त्याला रामराम करत निघाला.

माळ्यावर चढला. कंदील खुंटीला लावला. हवा घरातल्यासारखी कोंदट, अंगाला घाम. ज्वारीची वाळलेली पानं चुरचुर वाजत होती. बऱ्याच वेळानं त्यानं अंधाराकडे तोंड केलं आणि म्हणाला, "गोजरा, मले गुरं वाटली व. आईची आन, मले गुरंच वाटली."

पानं वाजायची थांबली.

वारा पडला. रातकिडेही गप्प. कंदिलाची ज्योत सरळ उभी.

मग खालून, खोपडीकडून...

"अवो..."

तो माळ्याच्या कडेला सरकला.

"जनावर आलं वो..."

तोच आवाज. तशीच घाई.

या खेपेला त्यानं धुऱ्याकडे पाहिलं नाही. काठी घेतली नाही. कंदीलही नाही. उडी टाकली ती खोपडीच्या दिशेनं. "आलो! गोजरा, आलो मी!" पायाला काहीतरी टोचलं. काटा असेल. तो थांबला नाही.

खोपडीपाशी कोणी नव्हतं. चुलीचे दगड चाचपले. गार.

"गोजरा?"

...

"आलो ना मी..."

...

तो तिथंच बसला. बसला, की पडला, त्याला आठवत नाही. जीभ जड झाली. पापण्या मिटत आल्या. रडायचं होतं, पण रडता येईना. तेवढ्यात कोणीतरी त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला. हात गार होता. साऱ्या हिवाळ्यात त्याला थंडी लागली ती तेवढ्याच जागी, पोटरीवर.

उकंडरावांना तापात झोप नव्हती. उजाडायच्या आत ते काठी टेकत शेतात आले. चंपत चुलीपाशी आडवा होता, पाय सुजून काळानिळा. पण श्वास चालू होता. घोट्यावर दातांच्या दोन खुणा. आणि गुडघ्याखाली करकचून आवळून बांधलेली हिरवी चिंधी.

"कोणं बांधलं बे हे?"

चंपतनं डोळे उघडले. चिंधीकडे पाहिलं. उकंडरावांनीही वाकून पाहिलं. गोजराबाई सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवून सरणावर ठेवलं होतं. चंपतनंच अग्नी दिला होता. लुगडं जळताना दोघांनीही पाहिलं होतं. हा त्याचाच काठ. कुठं जळल्याचा डाग नाही, धुराचा वास नाही.

उकंडरावांनी भीत भीत गाठ सोडायला हात पुढे केला. चंपतनं तो धरला. अंगात त्राण नव्हतं, तरी घट्ट धरला.

"राहू द्या दादा," तो म्हणाला. "तिनं माहा पाय बांधला. माह्याच्यानं तिचा बांधनं झालं नाही."