मनगटावरची टिचकी

२०४१ साली बाजारात असं एकही नवं ग्राफिक्स कार्ड उरलं नव्हतं, जे फक्त आलेलं चित्र दाखवेल. कार्डाचं काम आता अंदाजाचं होतं. पडद्यावर सेकंदाला दोनशे चित्रं झळकत. त्यातली वीस-पंचवीस खरी, मधली सगळी कार्डानं स्वतः रचलेली. त्यांना ‘अंदाजचौकटी’ म्हणत. खेळणाऱ्यांची चंगळ होती. गाडी कितीही पळवा, चित्र अडखळत नसे.

हेमांगी बोकील त्यांतलीच. पन्नाशीतही रोज मैत्रिणींशी पडद्यावर शर्यत लावायची. पण नाशिकच्या त्या दुकानात ती आली होती एका कॅसेटसाठी.

“टिपायला हवंय की खेळायला?” दुकानदार गुंजाळांनी विचारलं.

“टिपायला. जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. पट्टीवरचा थर सुटतोय, एकदाच चालेल म्हणतात.”

गुंजाळांनी खणातून एक जुनंपानं कार्ड काढलं. “मग हे न्या, ताई. अंदाज नाही, काही नाही. पट्टीवर पुसट असेल ते पुसटच येईल. खेळ मात्र विसरा.”

“आणि ते?” हेमांगीनं काचेतल्या नव्या कार्डाकडे बोट दाखवलं.

“ते दोन्ही करतं. चित्र असं येईल, जसं काही कालच काढलंय.”

तिच्या संगणकात जागा एकाच कार्डाची होती. वडिलांच्या, नानांच्या, थकल्या डोळ्यांना स्वच्छ चित्रच बरं, असं स्वतःला समजावून तिनं दोन्ही करणारं घेतलं.

कॅसेटवर आई होती. आई आणि नाना, दोघंही जन्मापासून बहिरे. ऑपरेशनच्या सकाळी आई ग्लानीत होती, म्हणून कागदावर सही नानांनी केली. ती टेबलावरच गेली. “तिला ऑपरेशन नकोच होतं,” असं म्हणून मामानं संबंध तोडले. आदल्या दिवशी त्यानं केलेलं तिचं चित्रण चाळीस वर्षं त्याच्या कपाटात पडून राहिलं. तो वारल्यावर त्याच्या सुनेनं ते पाठवून दिलं.

त्या दोघांच्या घरच्या खुणा मामाला कधीच नीट कळल्या नव्हत्या. मनगटावर एक टिचकी म्हणजे हो. लागोपाठ दोन म्हणजे नको. नानांना एवढंच बघायचं होतं.

चित्र लख्ख आलं. खाटेवर बसलेल्या आईनं पोटावरून बोट फिरवून ऑपरेशनची खूण केली आणि मनगटावर टिचकी मारली. एकच. एक्याऐंशी वर्षांचे नाना आधी हसले, मग ओक्साबोक्शी रडले.

रविवारी शरयू तांबोळी आली. प्रतिमांवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ, आणि शर्यतीतली हेमांगीची जुनी वैरीण.

“काय गं, मला हरवायला नवं कार्ड?”

हेमांगीनं तिला आईचं चित्रण दाखवलं. शरयूनं ते टिचकीपाशी थांबवलं, कार्डाची नोंद उघडली.

“टिचकीनंतरची सतरा चित्रं पुसट होती. कार्डानं ती टाकून आपली घातली.”

“हात तर तिचाच आहे ना?”

“कार्डानं लाखो हात पाहिलेत. हात एकदा टेकला की पुढे बहुतेक माणसं काय करतात, ते त्यानं काढलं. दुसरी टिचकी असलीच, तर थरथर समजून पुसली असेल.”

“खोटारडं मेलं!”

“खोटं कुठे? त्याला खरं-खोटं कळतच नाही. त्याला फक्त अडखळलेलं चित्र चालत नाही.”

“त्या जुन्या कार्डावर दिसलं असतं?”

“पुसट का होईना, दिसलं असतं. आता पट्टीचा भुगा झालाय, आणि हे कार्ड मूळ चित्रं ठेवत नाही. एक की दोन, ते आता कुणालाच कळणार नाही.”

हेमांगीनं नानांना सांगितलं नाही. ते रोज ते चित्रण बघत, कधी दोनदा. तीही शेजारी बसे. महिन्याभरानं एका सकाळी त्यांनी चित्र थांबवलं आणि आईच्या हातावर बोट ठेवलं.

“बोट पुरं आहे,” त्यांचे हात म्हणाले.

हेमांगी दचकली. लग्नाआधी छापखान्यात कागद कापताना आईच्या एका बोटाचं पेर गेलं होतं. कार्डानं ते परत जोडलं होतं.

“मला पहिल्याच दिवशी दिसलं. ती हो म्हणाली होती, म्हणून गप्प बसलो.” नानांचे हात मध्येच थांबले, पुन्हा हलले. “आता आठवतच नाही. कोणतं बोट होतं गं?”

हेमांगीनं डोळे मिटले आणि आईचा हात आठवून पाहिला. पाचही बोटं पुरी होती.