पडद्यात जळलेला शब्द

भंगारवाल्याच्या आवारात जायचं तर दुपारी जावं. सकाळी तो नवा माल उतरवून घेण्याच्या गडबडीत असतो, संध्याकाळी गल्ल्यावर बसलेला असतो. दुपारी मात्र जेवून सुस्तावलेला असतो, आणि सुस्तावलेला माणूस भाव फार ताणत नाही. डागवाल्याला हे अनुभवाने कळलं होतं. म्हणून त्या दिवशीही तो दुपारचाच गेला.

डागवाला हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जुन्या कॉम्प्युटरांच्या तुटलेल्या तारांना कथलाचा डाग देऊन तो त्या जोडायचा, म्हणून गल्लीने त्याला ते चिकटवलं. नवी वस्तू घेऊन त्याच्याकडे कोणी येत नसे. जुनं यंत्र टाकवत नाही आणि नवं परवडत नाही, असेच लोक त्याची पायरी चढायचे. आता मोज्यांच्या गिरणीतल्या यंत्राचा पडदा गेला होता. त्याला जुन्या धाटणीचाच, मागे पोट सुटलेला, जाड काचेचा मॉनिटर लागायचा. तसला आता दुकानात नाही, मिळाला तर भंगारातच. तो शोधायला गडी निघाला होता. साधं काम.

"या, डॉक्टर!" भंगारवाला खाटेवरून न उठताच म्हणाला. "आज बरीच मढी आलीत बघा."

"एखाद्यात धुगधुगी आहे का?"

"त्या कोपऱ्यात बघा. पण भावावरून रडायचं नाही हं. आत्ताच पोटभर जेवलोय."

कोपऱ्यात कीबोर्डांची चळत होती, पंख्यांचा ढीग होता, तारांची जटा झाली होती. त्या सगळ्याखाली लोखंडी पेटीत बसवलेला एक मॉनिटर होता. काच शाबूत. खालून एक जाड वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला लोखंडी डबीत दोन मोठी बटणं, एक तांबडं, एक हिरवं. काचेवर धुळीचा थर होता आणि धुळीखाली काहीतरी करडं दिसत होतं.

"डाग आहे त्याच्यावर," भंगारवाला म्हणाला. "म्हणून तर लोखंडाच्या भावात सोडतोय. आणि तुम्ही नावाचेच डागवाले, तुम्हाला हो कसली भीती?"

"आला कुठून?"

"ती ओतशाळा नाही का बंद पडली? सगळं काढलं विकायला. भट्टीसुद्धा फोडून नेली की..." बोलता बोलता तो थांबला. उठून बसला. "तुमचे दादा तिथेच होते, नाही का?"

"होते," डागवाला म्हणाला, आणि मॉनिटर सायकलच्या कॅरिअरला बांधू लागला. भावाची घासाघीस त्या दिवशी झालीच नाही.

हे दादांचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. ओतशाळेत लोखंड वितळवायची मोठी भट्टी होती. अधूनमधून ती निववून तिच्या पोटात माणूस उतरायचा, आतल्या विटा सांधायला. तो उतरताना तांबडं बटण दाबायचं, की पडद्यावर मोठ्या अक्षरांत येई, 'आत'. तो शब्द दिसत असेतो भट्टी पेटायची नाही, अशी सोय होती. माणूस वर आला की हिरवं बटण दाबायचं, की 'बाहेर'. मग खुशाल पेटवा. दादा विटा सांधायचे. एके दिवशी ते कामावर गेले आणि घरी आलेच नाहीत. त्यांची बायको विचारायला गेली, तेव्हा मालकाने पडद्याकडे बोट दाखवलं. 'बाहेर' लिहिलंय, यंत्र काय खोटं बोलेल? तुमचा माणूस बाहेर पडला आणि गेला कुठेतरी. कुठेतरीचं कोणीतरी व्हायला गल्लीत किती वेळ लागतो! दादा जिच्याबरोबर पळाले म्हणे, त्या बाईचा रंगसुद्धा लोकांनी ठरवून टाकला.

नवरा मेलेल्या बाईला लोक धीर देतात. पळालेल्याच्या बायकोकडे बघून नुसते हसतात. वहिनी ते हसू खाऊन जगल्या. घराच्या पुढच्या खोलीत दिराचं दुकान आणि मागच्या खोलीत वहिनी, शिवणयंत्रावर शर्टांच्या कॉलरी शिवत. मेले म्हणून रडता येईना आणि पळाले म्हणून शिव्याही देता येईनात. डागवाल्याने स्वतःचा संसार थाटलाच नाही. वहिनींनी एकदाच विचारलं होतं, तेव्हा हा म्हणाला, "आधी दादांचं काय झालं ते कळू दे." मग तो विषय निघाला नाही.

"आज कोणाचं मढं आणलंत, भावजी?" मागच्या खोलीतून वहिनींनी विचारलं.

"गिरणीसाठी आहे," तो म्हणाला. ओतशाळेचं नाव त्याने काढलं नाही.

त्याने ओल्या फडक्याने काच पुसली. धूळ गेली, डाग राहिला. अशा जुन्या पडद्यांची एक खोड असते. एकच अक्षर एकाच जागी वर्षानुवर्षं दिसत राहिलं की ते काचेच्या आतल्या थरात जळून बसतं. मग वीज असो नसो, ते करडं होऊन दिसत राहतं आणि कशानेही निघत नाही. डागवाल्याने असे पुष्कळ बघितले होते. भट्टी वर्षभर पेटलेलीच असायची, म्हणजे इथे 'बाहेर' जळलेलं असणार हे उघड होतं.

त्याने काच उजेडाकडे वळवली. मोठी, सुबक, करडी अक्षरं होती. 'आत'.

त्याने पडद्यावर पोतं टाकलं आणि तो मुकादमाकडे गेला.

ओतशाळेचा म्हातारा मुकादम दोन गल्ल्या पलीकडे मुलीच्या घरी राहायचा. दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसणं एवढाच त्याचा उद्योग उरला होता.

"त्या पडद्यावर काय दिसायचं हो, नेहमी?" डागवाल्याने विचारलं.

"'बाहेर'. दुसरं काय दिसणार?"

"आणि 'आत'?"

"ते घटकाभर. तेवढासुद्धा धीर नसायचा कुणाला. भट्टी निवाली की वरून मालक बोंबलायचे. मग जो जवळ असेल तो हिरवं दाबायचा."

"आत माणूस असताना?"

मुकादमाने नजर रस्त्याकडे वळवली. "आधी दाबून ठेवायचं, मग त्याला हाका मारायच्या, की ये रे वर. तेवढाच वेळ वाचायचा. सगळेच करायचे. तुझा दादासुद्धा."

"त्या दिवशी कोणी दाबलं?"

"दाबलं असेल कोणीतरी."

"आणि हाक? हाक कोणी मारली?"

म्हातारा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला. मग नेहमीसारखा खेकसला, "आता उकरून काय मिळणार तुला? भट्टीत काय राहतं मागे? जा, आपलं काम कर!"

डागवाला परतला तेव्हा उन्हं कलली होती. दुकानात शिवणयंत्राचा आवाज नव्हता. पोतं जमिनीवर पडलं होतं आणि वहिनी पडद्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या. गावातली शेजारीण बाळंतिणीजवळ बसावी, तशा.

"मला सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"सांगणार होतो... आधी खात्री करून..."

"झाली खात्री?"

"दादा पळाले नाहीत, वहिनी. ते आत असतानाच कोणीतरी हिरवं दाबलं, आणि हाक मारलीच नाही."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. रडायचं होतं ते कधीच आटून गेलं असावं. "हात लावून बघा," त्या म्हणाल्या.

त्याने काचेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. काच तापलेली होती. वायर विजेला लावलेली नव्हती, ती तशीच मोकळी जमिनीवर पडली होती. आणि खोलीत वास येत होता. कथलाचा वास त्याच्या अंगात मुरलेला होता, हा तो नव्हे. तापलेल्या विटांचा होता.

"इतकी वर्षं ते आतच आहेत," वहिनी म्हणाल्या. "कोणी हाक मारली नाही, मग येणार कसे? शिस्तीचा माणूस." त्यांनी ती लोखंडी डबी उचलून मांडीवर घेतली. "हिरवं दाबायचं ना?"

"वहिनी, नको... ते कशालाच जोडलेलं नाही."

"मग भिता कशाला?"

वहिनी पडद्याजवळ वाकल्या, ओठ काचेला लागतील इतक्या जवळ, आणि अगदी हळू म्हणाल्या, "अहो... या आता वर." दाराशी आलेल्या माणसाला म्हणावं, तसं. मग त्यांनी हिरवं बटण दाबलं. ते खट्कन आत गेलं.

काही झालं नाही. बाहेर सायकलची घंटी वाजली, कोणीतरी पोराला रागावलं. डागवाल्याने सुटकेचा श्वास घेतला आणि पडद्याकडे बघितलं.

काच स्वच्छ होती. जन्मात न निघणारा डाग कोणी पदराने पुसावा तसा गेला होता.

वहिनी उठल्या. त्यांच्या तोंडावर असं काही आलं होतं, जे डागवाल्याने त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पाहिलं होतं आणि नंतर विसरून गेला होता. "त्यांना तहान लागली असेल," त्या म्हणाल्या. माठातलं गार पाणी तांब्यात घेतलं, आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज त्याने ऐकला.

मग हलकं बोलणं ऐकू येऊ लागलं. वहिनींचं. काही सांगत होत्या, थांबत होत्या, पुन्हा सांगत होत्या. थांबत होत्या तेव्हा काय ऐकत होत्या, ते मात्र ऐकू येत नव्हतं. त्यात एकदा चर्र झालं. तापलेली सळई पाण्यात बुडवली की होतं तसं, पण लांबलचक, जणू तांब्याभर पाणी एका दमात संपलं.

"वहिनी..." त्याने दारावर हात ठेवला. "आत कोण आहे?"

बोलणं थांबलं.

"आत कोणी नाही, भावजी," वहिनींचा आवाज आला. शांत, जरा लाजलेला. "आम्ही बाहेर आलो."

त्यानंतर काहीच नाही. त्याने हाका मारल्या, खांदा लावला, शेवटी शेजारच्या सुताराला बोलावून आणलं. दाराची खालची फळी फोडून दोघं आत शिरले. खोली रिकामी होती. खिडकीला गज होते तसेच होते. शिवणयंत्रावर अर्धी कॉलर सुईखाली अडकलेली होती. तांब्या कोरडा ठणठणीत.

पुढचं काय सांगायचं? लोकांनी जे ठरवायचं ते दिवे लागायच्या आत ठरवून टाकलं. नवरा गेला त्या वाटेने बायको गेली. मुकादमाने खुर्चीतून मान डोलावली, "दोघं एकाच माळेचे मणी." त्या दुसऱ्या माणसाचाही रंग गल्लीने पसंत केला, आणि काही शहाण्यांनी तर डागवाल्याकडेच तिरक्या नजरेने बघितलं. दादांच्या वेळी पडदा साक्षीला होता. या वेळी साक्षीला हा एकटा, आणि याचं ऐकतो कोण?

त्याने पोलीस चौकीत दाराची कडी नेऊन दाखवली. दार आतून बंद होतं एवढं तरी कोणी मानावं, म्हणून. सुताराने ती दारातून पटाशीने कापून काढली होती, कारण ती उघडण्यासारखी राहिलीच नव्हती. कडी आणि कोयंडा वितळून एकजीव झाले होते. हवालदाराने ती बोटांत फिरवून बघितली आणि हसला.

"तुझा धंदा काय रे?"

"डाग देतो, साहेब."

"मग झालं तर!" म्हणून त्याने कडी परत दिली.

कथील वितळवणाऱ्या सळईने लोखंड वितळत नाही, त्याला भट्टी लागते, हे सांगायला डागवाल्याने तोंड उघडलं होतं. पण हवालदार पुढच्या माणसाकडे वळला होता. दार तसंच आहे, कोणीही येऊन बघावं. लोखंडाचं पाणी झालं तिथलं लाकूड साधं करपलेलंसुद्धा नाही.

आणि एक गोष्ट त्याने कोणालाच दाखवली नाही. दाखवून उपयोगही नाही. वितळलेलं लोखंड असो की कथील, ते खाली ओघळतं आणि ओघळता ओघळता गोठतं. सुताराने कापायच्या आधी डागवाल्याने ती कडी दारावर होती तशी नीट पाहून घेतली होती. तिचे सगळे ओघळ, हाकेला ओ दिल्यासारखे, वर गेले होते.