आरशाच्या खेळातली ताई

ही घटना घडलेली आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी हिंगणीला जाऊन आनंदाबाईंना विचारावं. त्या आजही सांगतात. फक्त सांगताना अंगणातल्या विहिरीकडे पाठ करून बसत नाहीत.

साल २०२१. मे महिना. कोरोनाची दुसरी लाट.

रात्र नव्हती. स्वच्छ उजेड होता, संध्याकाळचे पाच वाजले होते.

वर्ध्याला मोहिनी नावाची बाई मुलांचे नाटकाचे क्लास घ्यायची. मुलं तिला ताई म्हणत. नवरा धनंजय देवळीला बँकेत. पहिली लाट ओसरल्यावर, जानेवारीत, तिने एका बंद शाळेच्या हॉलमध्ये क्लास परत सुरू केले होते. तोंडाला मास्क. जमिनीवर खडूने गोल काढलेले. एका गोलात एक मूल. गोलाबाहेर पाय टाकायचा नाही.

त्या मुलांमध्ये हर्षा होती.

हर्षा नऊ वर्षांची. क्लासला यायची, गोलात उभी राहायची आणि एक शब्द बोलायची नाही. नाव विचारलं तरी मान खाली. आई म्हणायची, "मॅडम, घरी बोलते हो. बाहेर आली की हिची वाचाच बसते."

मग एक दिवस मोहिनीने आरशाचा खेळ घेतला. समोरचा जे करेल ते आपण करायचं. त्याने हात वर केला की आपणही. तो हसला की आपणही. बोलायचं नाही.

हर्षा त्या खेळात अशी रमली की सगळे बघत राहिले. मोहिनीचं बोट हललं तरी तिचं बोट हलायचं. खेळ संपल्यावर ती पहिल्यांदा आपण होऊन बोलली.

"ताई, उद्या अजून करू?"

मोहिनीला त्या दिवशी घरी जाऊन रडू आलं. त्यानंतर ती प्रत्येक क्लासला हा खेळ घ्यायची. हर्षासाठी.

मार्च-एप्रिलमध्ये सगळं परत बंद झालं. क्लास फोनवर आले. मोहिनी घरी लॅपटॉपसमोर बसायची आणि मुलं आपापल्या घरून छोट्या छोट्या चौकोनांत दिसायची. तेवढ्यात हर्षाची आई आजारी पडली. दवाखान्यात ऑक्सिजनवर. बाप रात्रंदिवस दवाखान्याच्या बाहेर बसलेला. हर्षाला त्याने हिंगणीला तिच्या आजीकडे, आनंदाबाईंकडे नेऊन सोडलं. सोबत एक जुना फोन दिला.

त्या घरात तेवढा एकच फोन होता. घरात नेटवर्क येत नसे. अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर फोन उभा करून हर्षा क्लासला बसायची.

तिची आई जगते की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या पोरीला दिवसातला एक तास तरी हसू यावं, म्हणून मोहिनी क्लास चुकवत नव्हती.

पहिली गोष्ट घडली ती आवाजाची.

मोहिनीने सगळ्या मुलांचे आवाज बंद केले होते. गोष्ट सांगायची होती. सगळीकडे शांत...

तरी कोणीतरी श्वास घेत होतं.

लांब. सावकाश. अगदी माईकजवळ तोंड नेल्यासारखा.

तिने एकेक चौकोन तपासला. सगळ्यांचे माईक बंद. तिला वाटलं, आपलाच कूलर असेल.

तिने उठून कूलर बंद केला.

श्वास चालूच होता...

ती बोलायला लागली तेव्हा तो थांबला.

दोन दिवसांनी क्लासमधली देवळीची सपना म्हणाली, "ताई, तुम्ही दोनदा बोलून राह्यल्या."

"दोनदा म्हणजे?"

"पहिले हळू बोलता. मग तेच मोठ्यानं बोलता."

"अगं, नेटवर्क असेल. आवाज घुमतो कधी कधी."

बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. त्यांनाही तसंच ऐकू येत होतं.

मोहिनीने ते मनावर घेतलं नाही. त्या दिवसांत रोज कोणाची ना कोणाची बातमी यायची. असल्या बारीकसारीक गोष्टींकडे कोण बघतं?

पण पुढच्या क्लासला आरशाचा खेळ सुरू झाला. ती डावा हात वर करणार होती. फक्त मनात आलं होतं...

सगळ्या मुलांनी हात वर केले.

तिचे दोन्ही हात अजून मांडीवर होते.

तिने खेळ तिथेच थांबवला. रात्री तिने धनंजयला सांगितलं.

"नेटवर्कचा घोळ असते," तो म्हणाला. "चित्र मागं पडते."

"मागे पडतं ते मला कळतं," मोहिनी म्हणाली. "पण पुढे कसं जाईल?"

धनंजय म्हणाला, "तो खेळ काही दिवस नको घेऊ."

तिने घेतला नाही. पण एका दिवशी, पाचच्या क्लासला, हर्षाने मागितला.

आईची तब्येत सकाळपासून खालावली होती. हर्षाला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं असावं. चेहरा एवढासा झाला होता. बाकीची मुलं गलका करत होती आणि ही गप्प. मग हळूच म्हणाली, "ताई, आरसा करू नं."

मोहिनीला नाही म्हणवलं नाही.

खेळ सुरू झाला. तिने उजवा हात वर केला. मुलांनी केला. तिने मान वाकडी केली. मुलांनी केली. सगळं नीट चाललं होतं. हर्षाच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मोहिनीने हात खाली घेतला.

मुलांनी घेतला नाही...

सगळी मुलं उभी राहिली.

आणि मागे चालायला लागली.

सगळी. एकदम. एकाच चालीने. डोळे स्क्रीनवर, चेहऱ्यावर हसू आणि पाय मागे मागे.

"अरे, बसा. मी मागे चाला म्हटलं नाही."

कोणी ऐकलं नाही.

तिने टाळी वाजवली. टाळी वाजली की खेळ थांबायचा, हा तिचा नियम होता. कोणी थांबलं नाही.

सपना मागे जाऊन कपाटाला टेकली. टेकल्यावरही तिचे पाय हलतच होते. एक मुलगा भिंतीला लागला. दुसरा पलंगाला. प्रत्येकाच्या मागे काहीतरी होतं.

हर्षाच्या मागे भिंत नव्हती.

हर्षाच्या मागे मोकळं अंगण होतं. आणि अंगणाच्या टोकाला विहीर. कठडा एका बाजूने ढासळलेला. मोहिनीने ती विहीर रोज स्क्रीनवर पाहिली होती, कडुनिंबाच्या खोडाआडून.

"हर्षा! थांब! मागे विहीर आहे!"

हर्षा हसत होती. इतकी आनंदात ती कधीच दिसली नव्हती. एक पाऊल मागे... अजून एक...

ती कोणाचं बघून चालत होती?

तेव्हा मोहिनीचं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यात गेलं. तिथे तिचा स्वतःचा चौकोन होता.

मोहिनी लॅपटॉपवर ओणवी झाली होती. दोन्ही हात टेबलावर होते. ती ओरडत होती.

चौकोनातली मोहिनी उभी होती.

तोच पिवळा ड्रेस. तीच खोली. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे मागे मागे चालत होती... हसत... आणि हाताने बोलावत होती.

मोहिनीने वळून मागे पाहिलं. खोलीत कोणीही नव्हतं.

परत स्क्रीनकडे पाहिलं. ती दारापर्यंत पोचली होती.

हर्षा विहिरीपर्यंत.

हिंगणीच्या त्या घरात दुसरा फोन नव्हता. हर्षासमोरच्या फोनवर रिंग दिली की चित्र जाणार. मग पोरगी थांबली की पडली, हे दिसणारही नाही. मोहिनीचा हात क्षणभर अडला.

मग तिने लॅपटॉप आपटून बंद केला आणि मोबाईलवरून नंबर लावला.

रिंग वाजली. वाजत राहिली.

कोणी उचलला नाही.

तिने परत लावला. परत. तसाच कानाला धरून ती बाहेर आली आणि स्कूटी काढली.

सेलूच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. कुठे चालल्या, पास आहे का? तिला बोलता येईना. नुसती रडायला लागली. घरात कोणी गेलं असेल असं त्यांना वाटलं. त्या दिवसांत तसंच वाटायचं. त्यांनी सोडलं.

हिंगणीला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात बाज आडवी पडलेली. फोन मातीत.

ओसरीत आनंदाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर हर्षा होती. जिवंत.

मोहिनी तिथेच खाली बसली.

"फोन वाजून राह्यला होता," आनंदाबाई म्हणाल्या. "मी आत पडली होती. पोरगी उचलत काऊन नाई म्हणून बाहेर आली. पाहते तं विहिरीच्या काठावर. पाठ विहिरीकडे. टाचा काठाच्या बाहेर. तिची वेणीच धरून ओढली मी."

मोहिनीने हर्षाच्या केसांवरून हात फिरवला. "बाळा, तू मागे का चालत होतीस?"

हर्षाने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हीच तं बोलावून राह्यल्या होत्या."

"मी तर बसलेली होते गं."

"पहिले बसल्या होत्या," हर्षा म्हणाली. "मग उठल्या."

तेवढ्यात मोहिनीचा फोन वाजला. सपनाची आई होती, प्रमिलाबाई. देवळीहून.

"मॅडम, राग नका मानू. आज क्लास लई लांबला. दिवाबत्तीची वेळ झाली म्हणून मीच फोन काढून घेतला पोरीपासून."

मोहिनीला नीट समजलं नाही. "केव्हा काढला?"

"आत्ताच काढला नं. तुम्ही होत्या की त्यात. मी नमस्कार केला तुमाले. तुम्ही काई बोलल्या नाई. नुसत्या हसून राह्यल्या होत्या."

मोहिनी हिंगणीच्या ओसरीत बसली होती. लॅपटॉप वर्ध्याला टेबलावर होता. बंद. तिने स्वतःच्या हाताने बंद केलेला.

तिने धनंजयला फोन केला. तो नुकताच घरी पोचला होता. लॅपटॉप बघ म्हणाली.

"बंदच आहे," तो म्हणाला. मग हात लावून पाहिला. "पण लई तापला आहे."

"बंद असून?"

"उन्हाळा आहे, मोहिनी. म्हणून असन."

तिने तिथूनच एकेका मुलाच्या घरी फोन केला. मुलं धड होती. कोणाच्या पाठीला खरचटलं होतं, कोणाची टाच सोलली होती. आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. ताई शेवटपर्यंत होत्या.

त्या दिवसानंतर मोहिनीने ऑनलाइन क्लास घेतला नाही. तो लॅपटॉप धनंजयने विकला. कोणाला, ते तिने विचारलं नाही.

हर्षाची आई वाचली. महिनाभराने घरी आली.

पुढच्या वर्षी शाळा उघडल्या आणि मोहिनीने हॉलमधला क्लास परत सुरू केला. हर्षा येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण ती आली. उंच झाली होती. दाराबाहेर चप्पल काढून उभी राहिली आणि आत येईना. मोहिनीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ये की आत," मोहिनी म्हणाली.

"ताई..."

"काय गं?"

"तुम्ही कोणत्या ताई?"

मोहिनी हसली. पोर घाबरू नये म्हणून हसली.

"मीच गं. तुझी ताई."

हर्षा विचार करत उभी राहिली. तिने आत पाऊल टाकलं नाही.

"फोनातल्या ताईबी असंच म्हणून राह्यल्या," ती म्हणाली. "रोज म्हणतात."