कडूवेलीची मात्रा

"सर, हे तर विषच आहे," डॉ. हेमांगी टिपणीस म्हणाली.

"विषच." दापोलीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. मुकादम यांनी कडूवेलीच्या हिरवट अर्काची कुपी उजेडात धरली. "कंपवातात मेंदूतल्या चेतापेशी मरत जातात. हे विष अगदी थोडं दिलं, की पेशी सावध होते, स्वतःची संरक्षक प्रथिनं बनवते. चोराची चाहूल लागली की आपण कड्या लावतो ना, तसं."

"आणि मात्रा दुप्पट झाली तर?"

"मग चोर घरातच. पेशी मरते, आणि मेलेली चेतापेशी परत येत नाही."

चाचणीत निम्म्या रुग्णांना अर्काची गोळी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. कुणाला कोणती, हे संगणक चिठ्ठ्या टाकून ठरवी आणि ते फक्त मुकादमांना ठाऊक असे. रुग्णांमध्ये हेमांगीचे वडील, अप्पाही होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या या माणसाचा ब्रश आता 'श्री' काढतानाही थरथरे. हेमांगीला त्यांचा हात वाचवायचा होता, बाकी विज्ञान गेलं चुलीत.

पण अप्पांचं नाव निघालं की मुकादम विषय बदलत, नजर चुकवत. चोराच्या मनात चांदणं! घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून यांनी अप्पांना मुद्दाम पिठाची गोळी दिली असणार. हळूहळू तिला खात्रीच पटली. मग ती अर्काची एक मात्रा मोजून रोज अप्पांच्या मेथीच्या लाडवात घालू लागली. मेथीत कडू सहज खपतं.

उन्हाळा सरता सरता अप्पांना चहाचा कपही धरवेना. मेंदूच्या नव्या चित्रात चेतापेशी झपाट्याने मेलेल्या दिसल्या. हेमांगी घाबरून मुकादमांकडे धावली.

"सर, खरं सांगा. अप्पांना पिठाचीच गोळी होती ना?"

मुकादमांनी मान खाली घातली. "चिठ्ठीत पिठाचीच निघाली होती. पण तुझ्या वडिलांना पीठ चारायचं मला जमेना गं. पहिल्याच दिवशी मी ती बदलली, अर्काची दिली. तेव्हापासून तुझ्याकडे बघायची लाज वाटते."

हेमांगीने लाडवांचं कसंबसं सांगितलं. मुकादमांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्ही चिठ्ठीप्रमाणे वागला असतात," ती रडत म्हणाली, "तर अप्पांचा हात वाचला असता!"

"हो," मुकादम म्हणाले. "आणि तू वागली असतीस, तरीही."