खारूताईची आई, भोपळ्याचा बाबा

लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात सहसा कुणी हसत नाही. आत कुणीतरी भोकाड पसरलेलं असतं, बाहेरची मुलं आईच्या कुशीत तोंड खुपसून बसलेली असतात आणि आया उगाचच भिंतीवरची चित्रं बघत राहतात. म्हणूनच कोपऱ्यातल्या खुर्चीतला तो माणूस मोबाइलमध्ये बघून खुदकन हसला, तेव्हा मुलीला घेऊन आलेल्या तिची मान आपोआप वळली.

निळा कामाचा शर्ट, बाहीवर वंगणाचा डाग, मांडीवर डोकं टाकून झोपलेला गोल गरगरीत मुलगा. तो पुन्हा हसला, मग ती बघतेय हे लक्षात येऊन ओशाळला.

"माफ करा हं... एका बाईनं भन्नाट लिहिलंय. मुलगी दात घासेना, म्हणून हिनं आधी बाहुलीचे घासून दाखवले, मग मांजराचे घासायला गेली. आता बाईच्याच हाताला पट्टी!"

तिनं पट्टी बांधलेला हात हळूच पर्सखाली सरकवला. पण उशीर झाला होता. त्याची नजर त्या हातावर गेली, मग तिच्या चेहऱ्यावर, मग खुर्चीवर उभं राहून नखं कुरतडणाऱ्या तिच्या मुलीवर.

"खारूताईची आई?"

"आणि तुम्ही?"

"भोपळ्याचा बाबा." त्यानं मांडीवरच्या गोल डोक्यावरून हात फिरवला. "नाव का पडलं, ते सांगायला नकोच."

मग मात्र दोघंही इतके हसले, की आतून डॉक्टरीणबाई दार उघडून बघून गेल्या.

'दुडुदुडु' हा शहरातल्या आईबाबांचा ऑनलाइन ग्रुप. तिथे सगळ्यांना मुलांच्या लाडक्या नावानं ओळखायचे. खारूताईची आई ही तिथली जुनी जाणती, दोन अ‍ॅडमिनपैकी एक. नवरा घर सोडून गेला त्या वर्षी तिला सावरलं ते इथल्याच बायकांनी. खारूताई न्यूमोनियानं दवाखान्यात होती, तेव्हा दुसरी अ‍ॅडमिन, जुळ्यांची आई, स्वतःची जुळी नणंदेकडे टाकून खारूताईच्या उशाशी येऊन बसली होती. सख्खी बहीण करणार नाही इतकं तिनं केलं होतं.

त्याचीही गोष्ट अशीच. बायको वारली तेव्हा भोपळा नुकता रांगत होता. दूध किती गरम हवं, ताप उतरला हे कसं ओळखायचं, सगळं तो 'दुडुदुडु'वर विचारून विचारून शिकला होता. दिवसभर तो शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडायचा. मुलाला घरी आजी, म्हणजे याची आई, सांभाळायची.

"म्हणजे तुमचं कामच लोकांना वर नेण्याचं," ती एकदा म्हणाली.

"आणि अधूनमधून खाली आणण्याचं. तुमचं?"

"मी कान तपासते. लोकांना काचेच्या खोलीत बसवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं."

"अरे बापरे... म्हणजे तुमच्यासमोर हळू बोलूनही उपयोग नाही!"

"हळू बोलण्यासारखं काही आहे का?"

तो नुसता कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

मग बागेतल्या भेटी सुरू झाल्या. मुलं वाळूत लोळायची, ही दोघं बाकावर. तो डब्यात सफरचंदाच्या फोडी आणायचा आणि सगळ्यात मोठी फोड न बोलता तिच्या बाजूला सरकवायचा. वारा सुटला की तिचे केस त्याच्या खांद्यावर यायचे. तो मुद्दाम सरकत नसे, तीही मुद्दाम आवरत नसे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. घरी येऊन खारूताईचे मोजे काढताना ती गुणगुणू लागली, तेव्हा खारूताई म्हणाली, "आई, तुला काय झालंय?"

"कुठे काय?"

"तू गातेयस. आणि तुला गाता येत नाही."

त्याच सुमारास नगराध्यक्षपदाची निवडणूक लागली. एका बाजूच्या उमेदवार बाई म्हणत होत्या, दर वस्तीत सरकारी पाळणाघर काढू. समोरचे गृहस्थ म्हणत होते, पाळणाघरं पुरे झाली, घरीच मूल सांभाळणाऱ्यांना दरमहा भत्ता देऊ. 'दुडुदुडु' हळूहळू पाळणाघराच्या बाजूला झुकला. कुणी ठरवून केलं नाही. बहुतेक जणी नोकरी करणाऱ्या, पाळणाघर म्हणजे त्यांच्या जिवाचा प्रश्न. तिचंही मत तिथेच पडणार होतं. पण बघता बघता दुधाच्या बाटलीबद्दल विचारलं, तरी खाली उमेदवार बाईंचा जयजयकार येऊ लागला. कुणी वेगळं बोललं, तर त्यावर खिल्लीचे हसरे इमोजी यायचे. ज्यांना पटत नव्हतं त्या आधी गप्प झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. उरलेल्यांना वाटलं, सगळ्यांचं एकमत आहे.

"तुमच्या ग्रुपवर हल्ली मुलांना दातांच्या आधी पक्ष येतो," तो बागेत म्हणाला.

"आपल्या ग्रुपवर," तिनं दुरुस्त केलं. "आणि काय वाईट आहे? पाळणाघर नको का?"

"हवं ना. पण माझी आई दिवसभर पोरामागे पळते, गुडघे धरून. ते काम नाही का? तिच्यासाठी कुणी काही बोललं, तर मला बरं वाटतं. इतकंच."

"म्हणजे तू त्यांना मत देणार?"

"देईन बहुतेक." त्यानं तिच्याकडे तिरकं पाहिलं. "आता सफरचंद परत घेणार का?"

ती हसली. तिला त्याचं म्हणणं पटलं नव्हतं, तरी त्याच्या शेजारी बसून न पटणं तिला अवघड वाटलं नाही. हे किती दुर्मीळ आहे, ते तिला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ग्रुपवर साधा प्रश्न टाकला. ज्यांच्या घरी आजी मूल सांभाळते, त्यांच्यासाठी आपल्या उमेदवार बाईंनी काय ठरवलंय? कुणाला माहीत असेल तर सांगा.

तासाभरात नुसता भडका उडाला. बायकांना पुन्हा घरात कोंडायला निघालेला, म्हणालं कुणी. समोरच्यांनी पेरलेला माणूस, म्हणालं कुणी. त्यानं शांतपणे उत्तरं दिली, त्यामुळे लोक जास्तच चिडले. मग एकीनं लिहिलं, 'म्हाताऱ्या आईला फुकटची मोलकरीण करून ठेवलंय, आणि वर भत्ता हवाय!' त्याला भराभर पसंतीचे लाल बदाम मिळू लागले.

जुळ्यांच्या आईचा फोन आला. "काढ त्याला."

"त्यानं काय वाकडं लिहिलंय? उलट त्याच्या आईबद्दल जे लिहिलंय ते काढायला हवं."

"अगं, आठवड्यावर निवडणूक आली. बायका खवळल्यात. मी काढलं तर कायमचा काढीन, तुला माहितीये माझा स्वभाव. त्यापेक्षा तूच काय ते बघ." मग आवाज जरा मऊ झाला. "तुझं काहीतरी आहे का गं त्याच्याशी?"

'पेशंट आलाय,' म्हणून तिनं फोन ठेवला. हो म्हणायला हवं होतं, असं नंतर तिला कितीतरी वेळा वाटलं.

काही दिवसांपुरतंच तर आहे, तिनं स्वतःला समजावलं. निवडणूक झाली की परत घेऊ. त्याच्या आईबद्दल घाणेरडं बोलतायत, ते तरी त्याला वाचावं लागणार नाही. आपण त्याच्या भल्यासाठीच करतोय... त्याला आधी फोन करावा असं मनात आलं, पण बाहेर पेशंट खोळंबले होते. तिनं त्याचं नाव शोधलं आणि काढून टाकलं. मग दुसऱ्या पेशंटला आत बोलावलं.

संध्याकाळी बागेत बारीक बुरबुर लागली होती. तो बाकावर नव्हता, फाटकापाशीच उभा होता. भोपळा बरोबर नव्हता.

"कुणी काढलं मला?" त्यानं विचारलं.

"मी."

तो कसनुसा हसला. "मला वाटलं, जुळ्यांच्या आईनं. सबंध दुपार मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो."

"ऐक ना... तुझ्या आईबद्दल काय काय लिहीत होते. मला बघवेना. मी तुला त्यातून बाहेर..."

"मग ते लिहिणाऱ्यांना काढायचं होतं ना."

पाणी तिच्या पापण्यांवरून गालावर उतरत होतं, आणि त्यात पाऊस किती नि बाकीचं किती, तिचं तिलाच कळेना.

"बायको गेली तेव्हा माझं बोट धरलं ते त्या ग्रुपनं," तो म्हणाला. "त्यांना माझा राग आला, ठीक आहे. भांडलो असतो, समजावलं असतं. त्यातल्या दोघी-तिघी भोपळ्याला बघायला घरी येऊन गेल्यात. माझं भांडण मला करू द्यायचं होतं. मला विचारायचं तरी होतंत तुम्ही."

'तुम्ही.' तो शब्द त्यानं मुद्दाम उच्चारला नव्हता. म्हणून तो जास्त लागला.

"निवडणूक झाली की मी तुला परत..."

"नको." त्यानं खिशातून हात काढला, तिच्या खांद्याकडे नेला आणि अर्ध्यावरून मागे घेतला. "आज तुम्हाला घरी बोलावणार होतो. आईला भेटायला. असो... भिजताय, जा घरी."

पाळणाघरवाल्या बाई निवडून आल्या. ग्रुपवर फुगे उडाले. तिनं मत त्यांनाच दिलं होतं, तरी तिला आनंद म्हणून होईना. तिनं त्याला परत येण्याचं निमंत्रण धाडलं, ते तसंच पडून राहिलं. मग एक दिवस तिनं सगळ्यांसमोर लिहिलं, की भोपळ्याच्या बाबाला मी काढलं, ते चुकलं. आपण मुलांसाठी जमलो होतो, मग ज्यांचं मत वेगळं त्यांच्या मुलांचा ताप आपल्याला दिसेनासा का झाला? त्यावर कुणीतरी लिहिलं, 'पण आपण राजकारण करतच नाही, आपण फक्त बरोबर तेच बोलतो.' त्यालाही लाल बदाम मिळाले. तिनं अ‍ॅडमिनपद सोडलं. जुळ्यांच्या आईनं फोनवर एवढंच विचारलं, "इतका आवडायचा?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललीस गं वेडे?" आणि दोघी फोनवरच रडल्या.

थंडी सरत आली होती. एका सकाळी दवाखान्यात ती पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला बाहेर आली, तर तो समोर. बरोबर एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. भोपळा कुणावर गेला, ते तिला एका नजरेत कळलं.

"आईला ऐकू कमी येतंय," तो खाली बघत म्हणाला. "आम्ही गाव बदलतोय. माझी बदली झालीय, मीच मागितली. जायच्या आधी कानाचं मशीन बसवून घ्यावं म्हटलं. दुसरीकडे विचारलं होतं, पण आईला इथेच यायचं होतं."

कमी ऐकणारी माणसं मोठ्यानं बोलतात. आजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि आख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात लेकाला विचारलं, "हीच का रे ती? खारूताईची आई?"

सगळ्या माना वळल्या. त्याचे कान लाल झाले.

तिनं आजींना काचेच्या खोलीत बसवलं, तपासलं, मग बाहेरच्या खुर्चीत बसवून मशीन कानात नीट बसवलं. "डोळे मिटून जरा स्वस्थ बसा हं आजी, सवय होऊ दे," असं म्हणून ती दाराशी आली. तो तिथेच उभा होता.

"माझं तुझ्यावर प्रेम होतं," ती कुजबुजली. "आहे. हे तेव्हा सांगायला हवं होतं... निदान फोनवर तरी."

त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," तोही तितक्याच हळू म्हणाला. "माझंही होतं. म्हणून तर इतकं लागलं. दुसऱ्या कुणी काढलं असतं, तर मी दोन दिवसांत विसरलो असतो."

"मग... जाऊ नको ना."

"सामान गेलं पुढे." त्याच्या ओठांच्या कडेला जुनं हसू आल्यासारखं झालं आणि मावळलं. "तुझा राग नाही गं आता. पण तुझ्याशेजारी बसलो, की आधी वाटायचं, इथे काहीही बोललं तरी चालेल. आता बोलण्याआधी दहादा विचार करीन. तसं नको मला. तुझ्याबरोबर तर नकोच."

तिनं होकारार्थी मान हलवली.

तो कोट आणायला गेला. आजी खुर्चीतून उठल्या, सावकाश तिच्याजवळ आल्या आणि त्यांनी आपला खरखरीत तळवा तिच्या गालावर ठेवला. आता त्यांना ओरडावं लागत नव्हतं.

"छान बसवलंस हो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "सगळं ऐकू येतंय मला. दाराशी बोललात तेसुद्धा."

तिला हुंदका आवरेना. आजींनी तिचे डोळे पदरानं पुसले, पुढे काही बोलावं असं त्यांना वाटलं असावं. पण तो कोट घेऊन आला, तशा त्या लेकाचा हात धरून पायऱ्या उतरू लागल्या. खाली वळणावर त्यांनी त्याला काहीतरी विचारलं. तो थांबला, त्यानं एकदा वर पाहिलं, आणि आईचा हात घट्ट धरून पुढे गेला.

ती आत आली. पुढचा पेशंट काचेमागे बसून वाट बघत होता. तिनं तोंडावर पाणी मारलं, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "आवाज आला की बटण दाबा हं."