जुन्या नावाचं वायफाय

पळसदेवच्या कौसल्याकाकूंनी गावात वायफाय बसवणाऱ्या विशालला बोलावलं ते अगदी साध्या कामाला. घरात नवा राउटर बसला होता आणि उजनी धरणाच्या काठावरच्या पाण्याच्या मोटारीपाशी लावलेला जुना कॅमेरा काही त्याला जोडला जाईना. कॅमेरा दीपकनं लावलेला. दीपक म्हणजे काकूंचा एकुलता एक लेक. त्याला जाऊन वर्ष झालं.

“काकू, नव्याचं कुलूप लई कडक हाय, जुन्या कॅमेऱ्याला झेपत न्हाय,” विशाल म्हणाला. “जुन्यापुरतं येगळं वायफाय काढतो. नाव जुनं, पासवर्डबी जुनाच. म्हंजी त्यो आपसूक जोडला जाईल.”

जुना पासवर्ड दीपकचा. तो बदलला होता याच दोघांनी. परीक्षा तोंडावर आणि पोरगं दिवसभर मोबाईलला चिकटलेलं, म्हणून काकूंनीच विशालकडून बदलून घेतला; तेव्हापासून कॅमेराही बंदच. त्या घरात मोबाईलला रेंज म्हणून नाही. दीपक रेंज शोधत उजनीच्या पाण्याकडं गेला आणि गाळात घसरला. तो तिसऱ्या दिवशी सापडला, मोबाईल सापडलाच नाही. अहो, आईनं भल्यासाठीच केलं, सगळं गाव म्हणतं. पण त्या माउलीला कोण समजावणार?

दुपारचं ऊन मी म्हणत होतं. पाण्याकडून गाळाचा कुबट वास येत होता. विशालनं मोबाईलवर जोडलेल्यांची यादी उघडली. कॅमेरा आला.

“झालं बघा...” म्हणता म्हणता त्यानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. खाली दुसरं नाव उमटलं होतं. दीपकचा मोबाईल.

“काय रं?”

“काय न्हाय, काकू... बंद करतो मी.”

काकूंनी वाचलं आणि त्याचा हात धरला. “नगं... येऊ दे त्येला. म्याच भाईर ठिवलं लेकराला.”

नावापुढच्या सिग्नलच्या रेघा एकाच्या दोन झाल्या. मग तीन. जो कोण होता, तो काठाकडून घराकडं येत होता. विशालनं झटक्यात राउटरची वायर उपसली.

राउटरवरचे दिवे विझले. काकू कॉटवर बसून हमसून हमसून रडू लागल्या. “दारापत्तुर आलावता रं... अन तू...”

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. वायफाय नाही, रेंज नाही, तरी मेसेज दीपकचा. ‘आई, रडू नगं. आलोय घरात.’

काकूंनी पदरानं डोळे पुसले. जरा सरकून कॉटवर जागा केली आणि त्या रिकाम्या जागेला हळूच विचारलं, “जेवलास का रं?”

विशाल दाराकडं सरकला. मोबाईल पुन्हा वाजला. ‘न्हाय. विशालदादाला जाऊ देऊ नगं. संगंच जेवू.’

काकू उठल्या. त्यांनी तीन ताटं काढली.

“बस, विशाल,” त्या म्हणाल्या. “वर्साचं उपाशी हाय लेकरू.”