विहिरीवरच्या इंजिनचा पट्टा

हणमंतराव लातूरला क्लासच्या पोरांसाठी खाणावळ चालवत. त्या रात्री जेवणं उरकली आणि लाइट गेली. पोरं ओट्यावर येऊन बसली. दयानंद म्हणाला, "मामा, पप्पांच्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागून राहिलाय. पप्पा म्हणतात, चालतीय तोवर चालू दे."

हणमंतरावांचा अडकित्ता थांबला.

"किल्ली फिरवली न् इंजिन बंद असलं, तर तो दिवा लागतोच. इंजिन चालू झालं की विझाया पाहिजे. चालत्या गाडीत लागला, तर आधी पट्टा बघायचा; त्याच्यावरच बॅटरी भरती न् इंजिनचं पाणी फिरतं. हे मला औशाच्या वाजिद मिस्त्रीनं शिकवलं. त्याच्यासंगं जे झालं, ते ऐका."

तीस सप्टेंबर त्र्याण्णव. एका गिऱ्हाईकाची जीप दुरुस्त करून वाजिद पहाटे साडेतीनला उमरग्याहून औशाकडे निघाला होता. गावोगाव गणपती बुडवून माणसं नुकती झोपली होती. चारला चार मिनिटं कमी असताना रस्ता हलला. वाजिदला वाटलं, चाक निखळलं. खाली उतरला तर पायाखालची जमीनच गुरगुरत होती.

थोडं पुढं, एका गावाच्या वळणावर एक माणूस गाडीला आडवा आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी माती. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. त्या रस्त्यावरचे सगळेच वाजिदला ओळखायचे.

"मिस्त्री, माझी लेक हाय. पाय चेंगरलाय. लातूरला न्या."

वाजिदची बायको हाजराबी तेव्हा पोटुशी होती, घरात एकटी. जीव तिच्याकडे ओढत होता. हे तो पुढं सगळ्यांना सांगायचा. जीपच्या सीटना आदल्याच दिवशी नवी कव्हरं चढवली होती, हे मात्र त्यानं हणमंतरावांशिवाय कुणाला सांगितलं नाही.

त्यानं इंजिन बंद केलं. किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला, तो लागतोच. "हे बघा, लाल दिवा. पट्टा तुटलाय. गाडी दोन कोससुद्धा जाणार न्हाई."

त्या माणसाला गाडीतलं काय कळणार? त्यानं दिव्याकडे पाहिलं, मान डोलावली.

"मग थांबा. माझ्या हिरीवर इंजिन हाय, त्याचा पट्टा आणतो. जाऊ नका, मिस्त्री."

तो पळत अंधारात गेला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत वाजिद थांबला. मग गाडी चालू केली.

घरी मांडणीवरचा एक पेला पडला होता. बस्स.

"मग त्या पोरीचं काय झालं?" दयानंदनं विचारलं.

"इचारायला वाजिद कधी गेलाच न्हाई," हणमंतराव म्हणाले.

त्याच हिवाळ्यात हाजराबीला मुलगी झाली. इकरा. मोठी झाली, लातूरला क्लासला लागली. दोन हजार अकराच्या मे महिन्यात ती उमरग्याला मामाकडे गेली होती. चौदा तारखेला वाजिद तिला आणायला गेला, तर संध्याकाळपासून तिचं पोट दुखत होतं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, अपेंडिक्स आहे, रातोरात लातूर गाठा. पावणेदोनला बापलेक निघाले. या खेपेला जीप वाजिदची स्वतःची होती.

त्याच वळणावर लाल दिवा लागला.

इंजिन तर चालू होतं. पाणी तापल्याचं दाखवणारा काटा वर चढत होता. दोन्ही एकदम, म्हणजे पट्टा. वाजिदनं बॉनेट उघडलं. पट्ट्याच्या चिंध्या झाल्या होत्या. जगाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या गाडीत जादा पट्टा नव्हता.

"अब्बा..." इकरा मागं कण्हत होती.

रस्त्यावर कुणी नाही. फोन लागेना.

मग पावलं वाजली.

पळत येणारी.

"आणला, मिस्त्री. जरा येळ लागला."

वाजिदनं वर पाहिलं नाही. पाहवेना. समोर हात आला. पांढऱ्या मातीनं भरलेला. हातात पट्टा.

वाजिदनं तो बसवला. कसा बसवला, ठाऊक नाही. हात चालत होते. किल्ली फिरवली.

"दिवा इझला का?"

"हाव... इझला."

त्या माणसानं मागच्या काचेतून आत वाकून पाहिलं.

"तुमची लेक व्हय? न्या. लवकर न्या."

"आणि... तुमची?"

...

त्यानं काचेवरचा हात काढला. खोटं बोललो होतो, एवढंच वाजिदला सांगायचं होतं. पण त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली. आरशात पाहिलं तेव्हा रस्ता रिकामा होता.

इकराचं ऑपरेशन झालं. पोरगी वाचली. सकाळी दवाखान्याच्या आवारात वाजिदनं बॉनेट उघडलं. आत चार बोटं रुंद, चपटा, जुना पट्टा लोंबत होता. असला पट्टा जीपला बसतच नाही. पाण्याच्या इंजिनला बसतो.

पोरीला घरी सोडून तो त्या गावाच्या जुन्या जागेवर गेला. भूकंपानंतर वस्ती केव्हाच दुसरीकडे उठून गेली होती. बाभळीत एक विहीर सापडली. काठावर गंजलेलं इंजिन. चाकावर पट्टा नव्हता. वाजिदनं चढवला. बरोबर बसला.

तिथं उभा राहून तो म्हणाला, "दिवा खोटा होता." पण इतक्या हळू, की त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

अडकित्ता पुन्हा वाजला. दयानंदनं विचारलं, "मग फिटलं का मामा सगळं?"

"त्याच साली, अकराच्या तीस सप्टेंबरला मी औशाला त्याच्याकडं मुक्कामाला होतो," हणमंतराव म्हणाले. "पहाटे चारला उठलो. गॅरेजचं शटर आतून बंद. जीप आत. म्या बॅटरीचा उजेड मारला..."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"बॉनेटवर तोच रुंद पट्टा होता. वर माती. पांढरी. वली."